बीपीची गोळी अकरा दिवसांपासून ड्रॉवरमध्ये पडून आहे

मुनीमजी_लातूर · २२ डिसेंबर, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ४४, वजन ८६. लातूरच्या मोंढ्यात आडत दुकानावर हिशोब बघतो. दिवसभर गादीवर बैठक. चहा किती होतात ते मोजत नाही, तंबाखूही आहे. दोन आठवड्यांमागे मोंढ्यात आरोग्य शिबिर होतं. शेठ म्हणाले, चला सगळे. लायनीत उभ्या उभ्याच त्या पोराने शर्टाच्या बाहीवरून पट्टा गुंडाळला आणि चिठ्ठीवर लिहिलं १७०/१००. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दाखवलं, तिथं १६०/१००. डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन ५ लिहून दिली. रोज एक, महिन्याने या म्हणाले. गोळ्या त्याच दिवशी घेतल्या. आज अकरा दिवस झाले, पट्टी दुकानातल्या ड्रॉवरमध्ये पावतीबुकाखाली आहे. एकही फोडलेली नाही. बायकोला माहीत नाही.

एक तर मला काही होत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, काही नाही. दुसरं म्हणजे परवा येळवसला (वेळ अमावस्येला) शेतात गेलो होतो, तिथं चुलतभावाला सांगितलं तर तो आंबिलीचा तांब्या खाली ठेवून म्हणाला, "येडा का काय? एकदा गोळी लागली की सुटत नसते. लसूण खा."

तिसरं थोडं विचित्र वाटेल. शिबिरात माझ्या पुढच्या-मागच्या आठ-दहा जणांच्या चिठ्ठ्या मी बघितल्या. १३०/८०, १४०/९०, १५०/९०, १७०/१००. सगळे आकडे शून्यावर संपणारे. आमच्या धंद्यात वजनाच्या पट्ट्या अशा गोल आकड्यांच्या आल्या की मी पुन्हा काटा करायला लावतो. मग हा काटा खरा कशावरून?

गोळी सुरू करावी का थांबावं? अनुभव असणाऱ्यांनी लिहा.

---

धपाटे_दही · २२ डिसेंबर, रात्री ११:१५

शून्याचं निरीक्षण भारी! माझी पण चिठ्ठी १५०/९०च होती, तुम्ही सांगेपर्यंत लक्षातच आलं नाही.

दोन वर्षांपासून गोळी घेतोय. काही होत नाही हो. सकाळी चहासोबत टाकायची आणि कामाला लागायचं.

---

निसर्गसेवक · २३ डिसेंबर, सकाळी ६:०५

मुनीमजी, ॲलोपॅथीच्या चक्रात अडकू नका. एक गोळी, मग दोन, मग किडनी. सर्पगंधा चूर्ण सकाळ-संध्याकाळ घ्या, सोबत अर्जुनसालीचा काढा. आमच्याकडं शेकड्याने लोक बरे झालेत. पत्ता व्यक्तिगत निरोपाने पाठवतो.

---

काळी_माती · २३ डिसेंबर, दुपारी २:४०

मी फिजिशियन आहे, नांदेड जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. इथं बसून कोणाला गोळी सुरू किंवा बंद कर असं सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. पण काट्याबद्दल लिहितो, कारण मुनीमजींचा संशय शंभर टक्के रास्त आहे. हाताने हवा भरायच्या मशीनवर ऐकून आकडा लिहिताना माणूस नकळत शून्यावर गोल करतो. ही जगभरची सवय आहे. डिजिटल मशीनला ती नाही.

बाकी चुका वेगळ्याच. उभ्याने मोजणं. बाहीवरून पट्टा. चहा किंवा तंबाखू झाल्या झाल्या मोजणं, त्याआधी अर्धा तास तरी जायला हवा. लघवी तुंबलेली असताना मोजणं. मोजता मोजता गप्पा मारणं, हे तर सर्रास. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा उगाच वाढीव येतो, तुमचं वजन पाहता हे मुद्दाम बघा. खरं म्हणजे खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून (मांडी घालून नाही, पायावर पाय नाही), दंड छातीच्या उंचीला टेबलावर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं आणि मग मोजायचं.

काही लोकांचं बीपी पांढरा कोट बघूनच चढतं. म्हणून घरी मोजा. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, दोन मोजण्यांत एक मिनिट. असं सात दिवस. पहिला दिवस सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा. दवाखान्यात १४०/९० ही रेघ धरतात, घरी मोजलं तर १३५/८५. सरासरी त्याच्या वर गेली तर शिबिरातल्या पोराची चूक काढून उपयोग नाही.

हे सात दिवस तुम्ही परस्पर काढू नका. डॉक्टरांना फोन करून सांगा की गोळी अजून घेतली नाही, घरी मोजून येतो. आणि मधेच कधी १८०/१२०च्या पुढे आकडा आला, सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं, जीभ जड असं काहीही झालं, तर वही मिटून सरळ मोठा दवाखाना गाठा.

"मला काही होत नाही" याबद्दल एवढंच, की बहुतेकांना काहीच होत नसतं. होतं तेव्हा डोळ्याचा पडदा, किडनी, हृदय नाहीतर मेंदू यांतलं काहीतरी आधीच खर्ची पडलेलं असतं.

---

जुना_कंपाउंडर · २३ डिसेंबर, रात्री ९:२०

निसर्गसेवक यांस. सर्पगंधाने बीपी उतरतं हे खोटं नाही. उलट आपल्याकडच्यांना त्याचा अभिमान हवा. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधावर निबंध लिहिला आणि मग सगळ्या जगाचं लक्ष त्या मुळीकडं गेलं. पुढं १९५२ मध्ये त्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. त्याच्या गोळ्या मी स्वतः काउंटरवरून दिल्यात, साहेब. परभणीत चाळीस वर्षं औषधांचंच काम केलं.

मग मागे का पडलं? नाक चोंदायचं, सुस्ती यायची, आणि काही माणसं उदास होऊन कोपऱ्यात बसायची. त्याहून चांगली औषधं आली. आता चूर्णाच्या पुडीत नेमकं किती आहे ते ना तुम्हाला माहीत ना पुडी बांधणाऱ्याला. तुम्ही म्हणता गोळी नको, आणि देता तेच औषध, फक्त न मोजता. मुनीमजींच्या भाषेत सांगायचं तर बिनकाट्याचा माल.

अर्जुनसालीवर मी काही बोलत नाही. मात्र काढ्यात ज्येष्ठमध घालत असाल तर काढा. रोजच्या ज्येष्ठमधाने बीपी चढतं, हे माहीत नसलेली माणसं फार.

---

निसर्गसेवक · २३ डिसेंबर, रात्री ९:४५

ज्याची त्याची श्रद्धा.

---

गोदाकाठची · २४ डिसेंबर, दुपारी १२:३०

ज्येष्ठमधावरून आमच्या आईचं आठवलं. तिला रामिप्रिल सुरू केली होती. बीपी छान राहिलं, पण महिन्याभरात कोरडा खोकला लागला. रात्री उठून बसायची. थंडीचे दिवस, घरातल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं की हवेमुळं आहे. खोकल्याच्या दोन बाटल्या, एक्स-रे, वाफारा, आणि वर मी स्वतः उकळून दिलेला ज्येष्ठमधाचा काढा. पाच महिने! ज्यांच्याकडं दाखवत होतो त्यांनीही एकदाही विचारलं नाही की बीपीला काय चालू आहे. शेवटी माझ्या नणंदेने, ती नर्स आहे, गोळ्यांचा डबा उघडून बघितला आणि म्हणाली, "वहिनी, खोकला या डब्यात आहे."

गोळी बदलून दिली. दोन-तीन आठवड्यांत खोकला गेला.

तेव्हा मुनीमजी, गोळी घ्या, पण सुरू केल्यावर जे काही नवीन होईल ते तारखेनिशी लिहून ठेवा. आणि वहिनींना आजच सांगा. ड्रॉवरमध्ये काय ठेवता!

(घरात कोणाला होतं का बीपी? वडिलांना, आईला?)

---

मुनीमजी_लातूर · २ जानेवारी, रात्री १०:१०

सर्वांचे आभार. डॉक्टरांना फोन केला होता, मोजून या म्हणाले. साल्याकडून मशीन आणलं, दंडाचा पट्टा मोठ्या मापाचा वेगळा घेतला.

वहीच्या मागच्या पानावर सात दिवस लिहिलं, अलीकडं तुरीचे भाव, पलीकडं माझे. पहिला दिवस सोडला. चोवीस नोंदी, सरासरी १५४/९७. शून्यावर संपणाऱ्या नोंदी त्यात फक्त तीन.

म्हणजे शिबिराचा काटा ढिला होता, पण माल कमी भरला नाही.

अजून एक हिशोब झाला. कुठंतरी वाचलं की दिवसाला माणशी पाच ग्रामपेक्षा कमी मीठ असावं, म्हणजे सपाट चमचाभर. आमच्या घरात चौघं. महिन्याला मिठाचे किलोचे दोन पुडे येतात. दोन हजार ग्राम भागिले चार, भागिले तीस. साडेसोळा ग्रामच्या वर. बायकोला दाखवलं (हो, सांगितलं तिला, त्यावर जे झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही). ती म्हणाली, निम्मं तर भाज्या धुवायला आणि तांब्याची भांडी घासायला जातं. बरं, निम्मं धरा. तरी आठ होतात. त्यात मोंढ्यातली भजी नाहीत, दुपारच्या डब्यातला ठेचा आहे पण वरून लावलेलं मीठ नाही, टपरीवरच्या तळलेल्या मिरच्या नाहीत.

गोदाकाठची ताईंनी विचारलं होतं घरात कोणाला होतं का. दोनदा उत्तर टाइप केलं आणि खोडलं.

आमच्या आबांना होतं. बावन्नाव्या वर्षी निघालं. आठ महिने गोळी घेतली, मग म्हणाले आता बरं आहे, कशाला उगी खर्च. बंद केली. कोणी काही म्हणालं नाही, मीही नाही. २००९ साली तूर काढणीच्या दिवसांत सकाळी चूळ भरताना पाणी एका बाजूने ओघळलं. तोंड वाकडं झालेलं. गावात एक जण लकव्याची मुळी बांधतो, आधी तिथं नेलं. लातूरला आणायला दुसरी संध्याकाळ झाली.

आबांचा माल मी आत्ता बसतो त्याच आडतीवर यायचा. हिशोबपट्टीवर ते मोठ्या अक्षरात सही करायचे, पूर्ण नाव, गावासकट. जुन्या फायली अजून आहेत माळ्यावर. २००८पर्यंत सही आहे. त्यापुढं सहा वर्षं अंगठा, तोही डाव्या हाताचा.

मला वाटतं, ती गोळी बघितली की मला तीच फाईल आठवते. म्हणून फोडत नव्हतो. उलटं आहे हे मलाही कळतं.

---

काळी_माती · ३ जानेवारी, सकाळी ७:३०

मुनीमजी, उलटं नाही. ज्या घरात बीपीने घात केला त्या घरातलीच माणसं मोजायला घाबरतात, हे मी रोज बघतो.

लकव्याबद्दल वाचणाऱ्या सगळ्यांसाठी एक सांगतो. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, तेही सगळ्यांना नाही, आधी सिटी स्कॅन करून. मुळी बांधायला थांबलात की ते तास गेले.

"एकदा लागली की सुटत नाही" यावरही बोलतो. बीपीच्या या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. चष्मा घातल्यामुळं नंबर लागत नाही, तसंच. गोळी चालू आहे तोवर आकडा खाली, बंद केली की मूळ आकडा परत. आबांचं "आता बरं आहे" हे गोळीमुळं बरं होतं. माझ्याकडं असेही आहेत ज्यांनी दहा-बारा किलो वजन उतरवलं, दारू सोडली आणि त्यांचा डोस मी कमी केला, एक-दोघांचा बंदही केला. मी केला, मोजून. त्यांनी परस्पर नाही.

सुरू करण्याआधी किंवा लगेच क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ततपासणी), पोटॅशियम, साखर, लघवीतलं प्रोटीन आणि ईसीजी करून घ्या. घोरता का? झोप होऊनही दिवसा डुलक्या येतात का? असेल तर डॉक्टरांना सांगा, झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराने बीपी चढतं आणि गोळ्यांना दाद देत नाही.

आणि ॲम्लोडिपिन सावकाश चढणारं औषध आहे. रक्तात त्याची पातळी स्थिर व्हायलाच आठवडा लागतो. दोन दिवसांत आकडा हलला नाही म्हणून दोन घेऊ नका.

---

धपाटे_दही · ३ जानेवारी, सकाळी ८:१०

डॉक्टरसाहेब, गोळी सकाळी घ्यावी का रात्री? माझा मेहुणा म्हणतो रात्रीच घ्यायची, हार्ट अटॅक पहाटे येतो.

---

काळी_माती · ३ जानेवारी, दुपारी १:५०

ब्रिटनमध्ये एकवीस हजारांवर लोकांना दोन गटांत वाटून हेच तपासलं, २०२२ साली निकाल आला. अटॅक, लकवा, मृत्यू यांत फरक पडला नाही. जी वेळ विसरत नाही ती तुमची वेळ. लघवी वाढवणारी गोळी असेल तर सकाळी बरी, रात्री उठावं लागत नाही.

---

वही_नंबर_तीन · ५ जानेवारी, रात्री ८:४०

मी आशा सेविका आहे, बीड जिल्ह्यात. इथं सगळे शिकलेले लोक लिहायलेत म्हणून दबकत लिहिते.

आमच्या गावातून निम्मी माणसं दिवाळीच्या आगेमागे कोयत्यावर जातात, ती उन्हाळा लागता लागता येतात. मी तिशीच्या वरच्या सगळ्यांचे फॉर्म भरते, बीपी तपासून घेते. उपकेंद्रात गोळ्या फुकट मिळतात, महिन्याच्या. पण माणूस टोळीसंगं सांगली-कोल्हापूरकडं गेल्यावर महिन्याने गोळी संपते आणि तो तिथं दवाखाना धुंडत नाही. फडात पहाटे चारला ऊस तोडायला लागतात, कधी जाणार? मुकादमाची उचल अंगावर असते. परत येतो तेव्हा बीपी होतं तिथंच नाहीतर वर.

मागच्या साली एक मावशी परत आल्या त्या तोंडाने नीट बोलेनात. पदराच्या गाठीत गोळ्यांची रिकामी पट्टी जपून ठेवलेली. म्हणाल्या, तुला दाखवायला ठेवली बाई, असलीच दे.

आता मी जाणाऱ्यांच्या कार्डावर गोळीचं नाव मराठीत मोठं लिहिते आणि सांगते की जिथं कोप्या पडतील तिथल्या सरकारी दवाखान्यात हे कार्ड दाखवा, तीच गोळी तिथंही मिळती. काही जण जातात. बाकीच्यांना मी फोन करते, लागला तर लागला.

मुनीमजी दादा, तुमचा दवाखाना जवळ आहे, पैसा आहे. घ्या गोळी.

---

जुना_कंपाउंडर · ५ जानेवारी, रात्री ९:३०

आशाताई, दबकायचं काय त्यात. या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुमचा आहे. वाचनखूण साठवली.

पैशाचं म्हणाल तर जनऔषधीच्या दुकानात ॲम्लोडिपिनची एक गोळी एका चहाहून खूप स्वस्त पडते. नाव वेगळं दिसलं म्हणून घाबरू नका, पट्टीवर बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव वाचा.

---

मुनीमजी_लातूर · ६ जानेवारी, सकाळी ९:०५

घेतली. आत्ता, दुकान उघडल्यावर. शेठनी विचारलं कसली गोळी, म्हणालो बीपीची. ते म्हणाले, अरे मीपण घेतो, सहा वर्षं झाली. आणि खिशातून डबी काढून दाखवली. सहा वर्षं आम्ही शेजारी बसतो.

---

मुनीमजी_लातूर · १९ फेब्रुवारी, रात्री १०:००

सहा आठवड्यांचा अहवाल. तंबाखू बंद नाही, निम्म्यावर आहे. वजन ८४. बीपीची मागच्या आठवड्याची सरासरी १३४/८४. पहिले चार दिवस डोकं जरा गरम वाटलं, मग काही नाही.

पण दहा-बारा दिवसांपासून संध्याकाळी घोट्यापाशी सूज येते. मोज्याची रेघ खोल उमटते, बोटाने दाबलं की खळगा राहतो. सकाळी कमी असते. शेजारचे हुंडेकरी म्हणाले, अंगात पाणी झालंय, लघवीची गोळी घे, त्यांच्याकडं होती तीच देऊ लागले. घेतली नाही. गुडघ्यासाठी अधूनमधून दुखण्याची गोळी घेतो, त्याने असेल का?

---

काळी_माती · २० फेब्रुवारी, सकाळी ७:१५

घेतली नाहीत हे बरं केलंत. ॲम्लोडिपिनची सूज ही बहुधा अंगात पाणी साठल्याची नसते. औषधाने बारीक धमन्या सैल पडतात आणि रक्तातलं पाणी पायाशी झिरपतं, म्हणून लघवीच्या गोळीने ती फारशी उतरत नाही. दिवसभर पाय खाली सोडून बसणाऱ्यांना जास्त. तरी एकदा तपासून घ्या, दम लागत नाही ना, लघवीत प्रोटीन नाही ना. डॉक्टर डोस कमी करतील, नाहीतर टेल्मिसार्टनसारखं औषध जोडतील किंवा बदलून देतील.

दुखण्याच्या गोळीचं आधी का नाही सांगितलंत? डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, या सगळ्या बीपी वर नेतात आणि पाणी धरून ठेवतात. टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी यांच्या जोडीला घेतल्या तर किडनीवर तिहेरी भार पडतो. डॉक्टरांना न विचारता घेऊ नका, साधी पॅरासिटामोल त्यातल्या त्यात बरी.

---

गोदाकाठची · २० फेब्रुवारी, दुपारी ३:२०

एक विचारायचं होतं. माझी पुण्याची जाऊ "लो सोडियम" मीठ घेऊन आली आईसाठी. आई आता टेल्मिसार्टनवर आहे. चालेल का?

---

काळी_माती · २० फेब्रुवारी, रात्री ८:३०

थांबा. त्या मिठात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल या जातीची औषधंही पोटॅशियम वाढवतात. आईची किडनी थोडी जरी कमजोर असेल तर ही जोडी हृदयाचे ठोके बिघडवू शकते. आधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघा, मग डॉक्टरांना विचारून ठरवा. तोवर नेहमीचंच मीठ, चिमटीने कमी.

धाग्यातल्या तरुण बायकांसाठीही सांगतो. दिवस राहायचे असतील किंवा राहिले असतील तर या जातीची गोळी चालत नाही, बाळाला अपाय होतो. लगेच डॉक्टरांना सांगून बदलून घ्या.

---

परभणीकर_उन्हात · २४ एप्रिल, सकाळी १०:४०

धागा वर काढतोय, अर्जंट आहे. वडील ६८, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी घेतात. काल लग्नाला गेलो होतो, रात्रीपासून उलट्या-जुलाब. आमच्याकडं पारा ४२च्या वर आहे. उठून उभे राहिले की डोळ्यांपुढं अंधारी येते म्हणतात. सकाळची गोळी द्यावी का?

---

काळी_माती · २४ एप्रिल, सकाळी १०:५५

गोळी हातात धरून धाग्यावर वाट बघू नका, आत्ता दवाखान्यात न्या. अंगातलं पाणी गेलेलं असताना ही गोळी बीपी आणखी पाडते आणि किडनीला झटका देते. अशा वेळी डॉक्टर बहुधा दोन-तीन दिवस ती थांबवतात आणि खाणंपिणं सुरळीत झालं की परत सुरू करतात. जाता जाता मीठ-साखर-पाणी किंवा ओआरएस घोट घोट पाजा. पट्टी सोबत न्या.

---

परभणीकर_उन्हात · २६ एप्रिल, संध्याकाळी ६:१५

सलाईन लावलं. बीपी ९४/६० होतं, क्रिएटिनिन वाढलेलं. गोळी थांबवली आहे, सोमवारी पुन्हा रक्त तपासून ठरवणार. आता उठून बसलेत, लग्नातल्या मठ्ठ्याला शिव्या देतायत. डॉक्टरसाहेब, धन्यवाद फार छोटा शब्द आहे.

---

मुनीमजी_लातूर · २७ एप्रिल, रात्री ११:००

धागा वर आलाच आहे तर माझंही सांगतो.

सूज आल्यावर डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन अडीचवर आणली आणि टेल्मिसार्टन ४० जोडली. तीन आठवड्यांनी पोटॅशियम-क्रिएटिनिन बघितलं, ठीक आलं. सूज गेली. सरासरी १२८/८०. मिठाचा पुडा महिन्याला एक झाला, तांब्याची भांडी आता चिंचेने घासतात. चुलतभावाला पाडव्याला घरी बोलावून पट्टा बांधला. १५८/९६. तेव्हापासून तो फोन उचलत नाही.

मशीन आता दुकानात असतं, गादीच्या उजव्या हाताला. दुपारी माल कमी असला की हमाल येतात, "मुनीमजी, आमचं बगा की." मी वहीत लिहितो. सव्वीस जण झाले, नऊ जणांना दवाखान्यात पाठवलं, गेले त्यातले चार.

आज एक जण आले. साठीच्या पुढचे, अजून पाठीवर पोतं घेतात. आबांच्या वेळेपासून इथंच आहेत. घामाने चिंब होते, नुकतीच गाडी खाली केलेली. मी म्हणालो, असं नाही चालत, खुर्चीत बसा, पाय टेकवा, पाच मिनिटं गप बसायचं. ते मशीनकडं बघत उभेच राहिले. मग म्हणाले, "पोत्यावर पैसे हाईत मुनीमजी. पाच मिनिटं बसायचे कोण देणार?"

मला उत्तर सुचलं नाही. शेठनी गादीवरूनच हाक मारली, "बस रे, बाहेरची गाडी थांबते."

बसले. १८७/१०९. उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी त्यांना घेऊन दवाखान्यात जातोय.